मोटार कोरडी पळवू नये

विहिरीत सोडायच्या पाणबुडी मोटारीसोबत खोक्यात जी माहितीपुस्तिका येते ती कोणी वाचत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. अशा पुस्तिकांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणे हा माझा व्यवसाय आहे आणि माझ्या माहेरी तीन मोटारी असूनही तिथल्या एकाही पुस्तिकेचे दुसरे पान उलटलेले मी पाहिलेले नाही. तरीही साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर बसून मी ही कामे मन लावून करते. मागच्या महिन्यात अशीच एक बत्तीस पानी पुस्तिका पूर्ण करून पाठवली आणि चार दिवसांनी ती तांबड्या खुणांनी भरून परत आली. शेरा एकच होता, फक्त तो जागोजागी डकवलेला होता. ‘रन’ या क्रियापदाचे भाषांतर अकरा ठिकाणी नऊ प्रकारे केले आहे, एकसूत्रता आणावी.

शेरा माणसाने लिहिलेला नव्हता. एका मूळ शब्दाला एकच प्रतिशब्द असावा, असे धोरण शिकवलेल्या एका संगणकीय तपासनिसाने तो लिहिला होता, आणि त्याच्या हिशेबाने त्याचे काही चुकलेही नव्हते. इंग्रजी पुस्तिकेत खरोखरच सगळीकडे ‘रन’ होते. केबल पाइपाच्या कडेने ‘रन’ करायची होती, म्हणजे टाकत न्यायची होती. मोटार गरम ‘रन’ होत असेल, म्हणजे तापत असेल, तर बंद करायची होती. ती उलटी ‘रन’ होत असेल, म्हणजे उलटी फिरत असेल, तर तीन फेजपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करायची होती. पाणी स्वच्छ ‘रन’ होईपर्यंत, म्हणजे नितळ येईपर्यंत, वाट पाहायची होती. एक चाचणीही ‘रन’ करायची होती. आणि पान सातवर ठळक अक्षरांत, चौकटीत, अत्यंत महत्त्वाची अशी सूचना होती की मोटार कोरडी ‘रन’ करू नये. ही सूचना खरोखरच महत्त्वाची आहे, कारण पाणबुडी मोटारीला भोवतालचे पाणीच थंड ठेवते. पाणी खाली गेले आणि मोटार तशीच फिरत राहिली की आधी सील आणि बेअरिंग जातात, आणि पुष्कळदा मागोमाग वाइंडिंगही.

माझ्या व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मी हीच सूचना, शब्दकोशाला जागून, ‘मोटार कोरडी पळवू नये’ अशी लिहिली होती. माहेर साताऱ्याजवळच्या लिंब गावाच्या बाजूला आहे. तिथे माझ्या भावाला मी ती मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “कोरडी पळवायची नाही, मग काय भिजवून पळवायची? अगं, गेल्या साली ओढ्यावरची मोटार चोरट्यांनी पळवली ती वलीच होती.” त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळले की आमच्याकडे पळवतात ती एकतर शर्यतीची बैलजोडी, नाहीतर दुसऱ्याची वस्तू. स्वतःची मोटार कोणी पळवत नाही. ती चालवतात.

इंग्रजी आणि मराठी यांच्यातला हा फरक मला तेव्हापासून फार मौजेचा वाटत आला आहे. इंग्रजांची यंत्रे धावतात, आमची चालतात. त्यांचे घड्याळ धावते, आमचे चालते. त्यांचे दुकान, शाळा, खानावळ, सरकार हे सगळे कोणीतरी धाववत असते. आमच्याकडे दुकान चालते, शाळा चालते, सरकारसुद्धा चालते आणि कोर्टात खटला तर इतक्या सावकाश चालतो की त्याला धावणे हा शब्द लावला तर वकीलमंडळीही हसतील. एखादा आजार त्यांच्या घराण्यात धावतो, तोच आमच्याकडे चालत आलेला असतो. आमच्या घरात मधुमेह असाच आजोबांपासून चालत आलेला आहे आणि त्याची एकूण गती पाहता चालत हाच शब्द बरोबर आहे, असे माझे मत झाले आहे.

‘रन’ची व्याप्ती केवढी आहे याची कल्पना ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशावरून येते. १८८४ साली ज्याचा पहिला भाग छापला गेला आणि १९२८ साली ज्याची पहिली आवृत्ती पूर्ण झाली, तो हा कोश. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता आणि त्याचे अर्थ चारशेच्या वर मोजले गेले होते. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘आर’ या अक्षराचे काम चालले असताना पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ हातात घेतला आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ लावून होईपर्यंत त्यांचे नऊ महिने गेले. यातले कितीतरी अर्थ यंत्रयुगाने आणलेले आहेत. वाफेची इंजिने, आगगाड्या, गिरण्या आल्या, त्यांना काहीतरी क्रियापद हवे होते, आणि घोड्याच्या, हरणाच्या, नदीच्या कामी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे हे क्रियापद इंग्रजांनी बिनदिक्कत त्यांना जुंपले. त्यानंतर संगणक आला, तोही त्याच जुवाखाली गेला.

नऊ महिने एकाच क्रियापदाच्या संगतीत काढणाऱ्या माणसाचा मला हेवाही वाटतो आणि थोडी कीवही येते. मला अकरा वाक्यांना दोन दिवस लागले.

मराठीने यंत्रांच्या बाबतीत वेगळाच मार्ग धरला. आमच्या भागातला साखर कारखाना घ्या. इंग्रजी बातमीत तो हंगामभर ‘रन’ होत असतो. आमच्याकडे आधी बॉयलर पेटतो, मग गव्हाणीत मोळी पडते, मग कारखाना चालू होतो आणि हंगामाच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडतो. प्रत्येक टप्प्याला त्या टप्प्यावर डोळ्यांना जे दिसते त्याचे क्रियापद आहे. निवडणुकीचेही तसेच. अमेरिकेतला उमेदवार पदासाठी धावतो, इंग्लंडमधला उभा राहतो, आणि आमचाही उभाच राहतो. पण आम्ही त्याला तेवढ्यावर सोडत नाही. कोणी समजूत घातली तर तो बसतो, कोणी दडपण आणले तर त्याला बसवला जातो, आणि मते कमी मिळाली तर पडतो. या सगळ्या प्रकारात धावतात ते फक्त कार्यकर्ते.

घरात तर ‘रन’ला जागाच नाही. त्यांचा साडीचा रंग धावतो, आमचा जातो. त्यांचे नाक धावते, आमचे वाहते. त्यांच्या घरातली साखर धावत बाहेर पडते, आमची नुसती संपते, आणि ती संपली हेसुद्धा पूर्वी घरात उघड बोलत नसत, ‘साखर वाढली आहे’ असे म्हणत. संगम माहुलीला कृष्णेत वेण्णा मिळते, तिथल्या घाटाच्या पायरीवर बसून पावसाळ्यातले गढूळ, वेगाने जाणारे पाणी मी पुष्कळदा पाहिले आहे. ते धावते असे एखाद्या कवीने म्हटले तर कानाला खटकणार नाही. पण घाटावर कपडे धुणाऱ्या बाईला विचारले तर ती पाण्याला ओढ आहे असे सांगेल, आणि पायरी सोडून पुढे जाऊ नको, असेही सांगेल.

मग धावणे हे क्रियापद मराठीने कशासाठी राखून ठेवले आहे, असा प्रश्न पडतो. माझ्या समजुतीप्रमाणे ते संकटासाठी राखलेले आहे. देवाला आपण ‘धाव रे’ म्हणतो, ‘चाल रे’ म्हणत नाही. अडचणीत जो येतो तो धावून येतो. माणूस फसून धावतो तो मृगजळामागे, आणि सरड्याची धाव कुंपणापर्यंत. क्रिकेटमधली धाव तेवढी इंग्रजीवरून घेतलेली, आणि तिथेही धावबाद होण्याचे दुःख आहेच. बाकी रोजच्या बोलण्यात आमच्याकडे कोणी धावत नाही, पळते. पळण्यालाही पुन्हा पळून जाण्याचा वास येतो. म्हणूनच की काय, भरतीची तयारी करणारी मुले हे दोन्ही शब्द टाळतात. सातारा जिल्ह्यात फौजेत आणि पोलिसांत जाण्याची परंपरा मोठी. थंडीच्या दिवसांत पहाटे साडेपाचला कोणत्याही गावच्या रस्त्यावर १६०० मीटरची वेळ लावत छाती फुटेपर्यंत धावणारी पोरे दिसतात. त्यांच्यातल्या एकालाही विचारा, तो “रनिंग मारतोय” असेच म्हणेल. पळतोय म्हटले तर कोणापासून, असा प्रश्न येईल. धावतोय म्हटले तर शाळेच्या पुस्तकातले वाटेल. यवतेश्वरच्या घाटातून जी हाफ मॅरेथॉन होते, तिला जाणारे आमचे शेजारीही वर्षभर रनिंगच करतात. सुताराचा ‘रनिंग फूट’ मात्र या सगळ्यांत विलक्षण आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या फळीचा भाव त्याने रनिंग फुटावर सांगितला तेव्हा भिंतीला खिळवून बसवायची ती फळी कुठे धावणार आहे, हे विचारावे असे फार मनात आले होते.

पण खरी गंमत धाव या नामात आहे आणि ती मला तपासनिसाला उत्तर लिहिता लिहिता आठवली.

आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाला धाव होती. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला धाव म्हणतात. मी सहासात वर्षांची असताना ती चढवताना पाहिली आहे. लोहाराने पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करून घेतले होते. ते जमिनीवर आडवे ठेवून भोवताली गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. लोखंड तापून लाल झाले, तापले तसे फुगले, आणि मग तिघांनी लांब सांडशांनी ते उचलून चाकावर बसवले. लाकूड करपले, धूर झाला, ठिणग्या उडाल्या, आजी ओरडली आणि त्याच क्षणी घागरीमागून घागर पाणी पडू लागले. लोखंड चर्र आवाज करत आवळत गेले आणि तुंब्यापासून निघालेला एकेक आरा आपापल्या खोबणीत कट्‌कट्‌ वाजत घट्ट होत गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. धाव म्हणजे धावणे नव्हे, धावताना चाक उकलू नये म्हणून आवळून धरणारे लोखंड.

दुसरी धाव विहिरीची. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ओढत जात, त्या उताराला धाव म्हणतात. लिंबची बारा मोटांची विहीर या भागातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली ही विहीर आता सहलीचे ठिकाण झाली आहे आणि लोक तिच्या पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे काढतात. तिच्यावर एके काळी मोटा चालत तेव्हा काय आवाज असेल, याचा मी विचार करते. आमच्या शेतातल्या एका मोटेच्या लहानशा विहिरीवर आजोबांनी मोट हाकलेली होती, त्यामुळे तिथली रीत मला ऐकून माहीत आहे. मोटकरी नाड्यावर बसून बैल उतारावरून खाली नेई, भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, रिकामी होई, आणि मग बैल उलट्या पावलांनी, पाठ विहिरीकडे करून, तोच चढ चढत. म्हणजे धाव नावाच्या जागेवर बैल जन्मात कधी धावले नाहीत. अर्धा वेळ ते सावकाश पुढे चालले आणि उरलेला अर्धा वेळ मागे. ती धाव अजून आहे. तिच्यावर घाणेरी माजली आहे आणि कडेने दादाने मोटारीची केबल टाकत नेली आहे, जिच्याविषयी इंग्रजी पुस्तिकेत ‘रन’ असे लिहिलेले आहे.

हे सगळे संगणकीय तपासनिसाला लिहून कळवणे शक्य नव्हते. त्याच्या चौकटीत दोनशे अक्षरांपेक्षा जास्त मजकूर मावत नाही. मी एकदा मनाशी ‘चालणे’ हा एकच प्रतिशब्द अकराही ठिकाणी घालून पाहिला. मोटार चालली, उलटीसुद्धा चालली, चाचणीही कशीबशी चालवून घेता आली. पण केबल पाइपाच्या कडेने चालू लागताच मला हसू आवरेना आणि मी तो नाद सोडला. अकराही वाक्ये जशीच्या तशी ठेवली. फक्त पान सातवरची चौकट पुन्हा वाचली. तिथे मी ‘पाण्याशिवाय मोटार कार्यान्वित ठेवू नये’ असे लिहिले होते. दादाला फोन लावला. रात्रपाळीची लाईट असल्यामुळे तो जागाच होता.

“पाणी तुटल्यावर मोटार चालू ठेवू नका, असं लिही,” तो म्हणाला. “कार्यान्वित काय? ती काय सरकारी योजना आहे?”

मी तसे लिहिले. तपासनिसाच्या चौकटीत एवढेच नोंदवले की मूळ क्रियापद एक असले तरी क्रिया निरनिराळ्या आहेत, सबब प्रतिशब्द निरनिराळे ठेवले आहेत, आणि पुस्तिका परत पाठवली. या खेपेस ती यंत्राच्या पुढे जाऊन कोणा माणसाच्या हाती पडली असावी, कारण तिसऱ्या दिवशी उत्तर मराठीत आले आणि ते एका शब्दाचे होते.

‘चालेल.’