कोणत्या भाषेत बोलत नाही?

चित्रात भाकरी होती. तव्यावरची, वरचा पापुद्रा टम्म फुगलेली. समोर बसलेल्या मुलीनं चित्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाटी."

माझ्या हातातल्या तक्त्यावर त्या चित्रापुढं 'भाकरी' असं छापलेलं होतं आणि शेजारी दोन चौकोन होते, बरोबर आणि चूक. गोरमाटीत, म्हणजे बंजारा लोकांच्या भाषेत, भाकरीला बाटीच म्हणतात. बंजारा घरातल्या सहा वर्षांच्या लेकराला दुसरा कुठला शब्द आधी सुचणार? पण हे कळायच्या आधी मी अशा कितीतरी 'बाटीं'पुढं चूक अशी खूण केलेली आहे.

जिंतूर तालुक्यातल्या एका तांड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, सोयाबीन काढायला आलेलं. शाळेत मुलांची तपासणी होती आणि वाचाउपचारतज्ज्ञ म्हणून मी गेले होते. सरांनी अकरा मुलांची यादी करून ठेवली होती. बहुतेकांचं काम सोपं होतं. कुणाचा 'र' जमत नव्हता, कुणाचा कान वाहत होता, एक मुलगा अडखळत बोलायचा. या मुलीच्या नावापुढं मात्र सरांनी लिहिलं होतं, 'अजिबात बोलत नाही'. यादीच्या बाहेरचं आणखी एक लेकरू त्या दिवशी माझ्यासमोर आलं. त्याची गोष्ट पुढं सांगते.

बोलत नाही म्हटलं की आधी कान तपासायचे, हा आमच्या कामातला पहिला धडा. ऐकण्याच्या तपासणीला शांत जागा लागते आणि शाळेत ती कुठून मिळणार? शेवटी पोषण आहाराची खोली मिळाली. तिथं तांदळाची पोती भिंतीला लावून रचलेली होती आणि पोत्यांमुळं बाहेरचा गलका बराच दबला होता. मुलीच्या कानावर हेडफोन लावले, हातात चिंचोके दिले. आवाज आला की एक चिंचोका डब्यात टाकायचा. तिनं अगदी बारीक आवाजालासुद्धा चिंचोका टाकला, दोन्ही कानांना. कान स्वच्छ होते.

मग मी तांड्यावरच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना बोलावलं. त्यांना एकच विनंती केली, "ताई, पोरगी जसं बोलेल तसंच मला सांगायचं. चुकली तर चुकलेलंच सांगा, नीट करून नका सांगू." दुभाष्याला हे आधी सांगावं लागतं. माणूस मायेपोटी लेकराचं वाक्य सरळ करून देतो आणि नेमकं आपल्याला हवं असलेलंच निसटतं.

चार चित्रं पुढं मांडली. करडू चुकतं, कुत्रं मागं लागतं, करडू काट्यात अडकतं, एक पोरगा त्याला सोडवतो. ताईंनी गोरमाटीत विचारलं, "सांग बरं, काय झालं?" मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग जी सुरू झाली ती थांबेचना. ताई भरभर सांगत होत्या, "म्हणती, करडाला याडी (आई) दिसंना म्हणून ते रडत रडत निघालं... म्हणती, कुत्रं आलं तवा त्याला पळताच येईना, कारण पाय काट्यात अडकला हुता... म्हणती, आमच्या आजीची शेळीबी अशीच हरवली हुती."

'म्हणून', 'तेव्हा', 'कारण'. मी वहीत हे शब्द मोजत होते. वाक्यात वाक्य गुंफणं, आधी काय आणि नंतर काय याचा धागा धरणं, स्वतःच्या घरातली शेळी गोष्टीत आणणं, सगळं जागच्या जागी होतं. या मुलीच्या भाषेत काहीही उणं नव्हतं. जूनमध्ये पहिलीत आलेल्या लेकराला चार महिन्यांत अजून मराठी आलेली नव्हती, तेवढंच. सर दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, हिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

इथं माझी एक जुनी चूक सांगायला हवी.

मी परभणीत नवीन काम सुरू केलं होतं तेव्हा एक आई तीन वर्षांचा मुलगा घेऊन आली होती, तांड्यावरचीच. मुलगा कमी बोलायचा. मी तिला सांगितलं, "घरात दोन दोन भाषा नकोत, लेकरू गोंधळतं. उद्यापासून त्याच्याशी मराठीच बोला." त्या काळी हा सल्ला सगळीकडं दिला जायचा आणि मीही तो पूर्ण विश्वासानं दिला. चार महिन्यांनी ती परत आली. मुलगा आणखी गप्प झाला होता. मी विचारलं, घरात मराठी बोलता ना? तिनं मान खाली घातली. "मॅडम, मला मराठी बाजारापुरती येती. चुकीचं बोलण्यापरीस मी गप्पच राहते त्याच्यासंगं."

चार महिने एक आई आपल्या लेकराशी बोलली नव्हती. माझ्या सांगण्यावरून. ती वाक्यं आजही माझ्या कानात आहेत.

दोन भाषांमुळं भाषादोष होत नाही, हे आता संशोधनानं स्पष्ट झालेलं आहे. डाऊन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेली मुलंसुद्धा दोन भाषांत वाढली म्हणून मागं पडत नाहीत. आणि घरची भाषा काढून घेतली तर मुलाचं सगळ्यात जवळचं, सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच त्याच्यापासून तुटतं. २०१७ साली डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं तज्ज्ञांच्या एका मोठ्या गटानं 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर', म्हणजे विकासात्मक भाषादोष, या नावावर एकमत केलं. त्यांनीही हे बजावलं आहे की शाळेची भाषा येत नसली, पण घरची भाषा नीट येत असली, तर त्या मुलाला भाषादोषाचं लेबल लावायचं नाही.

म्हणजे विचारायचा प्रश्न 'बोलतो का?' हा नाही. 'कोणत्या भाषेत बोलत नाही?' हा आहे. आमच्या तपासणीच्या अर्जावर वय आहे, वजन आहे, जात आहे, आधार क्रमांक आहे. मातृभाषेचा रकाना नाही. जनगणनेतसुद्धा लमाणी-बंजारी, म्हणजे हीच गोरमाटी, बोलणारी माणसं हिंदीच्या खाली मोजली जातात. मी अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात पेनानं 'गोरमाटी' लिहिते आणि खाली रेघ मारते.

मुलीचं काम झालं आणि मी सामान आवरायला लागले. तेव्हा दुसरीतला एक मुलगा दारातून आत डोकावत होता. मी सहज विचारलं, "हा कोण?" सर म्हणाले, "तो पण तसाच आहे मॅडम, घरी गोरमाटी. येईल हळूहळू मराठी." मी मान डोलावली. आत्ताच तर मी त्यांना तेच समजावून सांगितलं होतं. मी पिशवीची चेनसुद्धा लावली होती.

मदतनीस ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, हा गोरमाटीतबी असाच बोलतो."

मी चेन उघडली.

सात वर्षांचा मुलगा. चिंचोक्यांचा खेळ त्यानंही चोख खेळला, कान चांगले. चेंडू अचूक झेलायचा, ठोकळ्यांचा नमुना बघून तसाच रचायचा, डोळ्याला डोळा भिडवून हसायचा. करडाची चित्रं पुढं ठेवली. त्यानं बोट ठेवून सांगितलं आणि ताईंनी मला कबूल केल्याप्रमाणं जसंच्या तसं दिलं, "करडू... कुत्रं... पळ. पोरगं... करडू." मध्ये हातवारे भरपूर. गोष्ट त्याला कळली होती. शब्द एकमेकांना धरत नव्हते. ताई म्हणाल्या, "ह्याच्या बोलण्यात 'छ' येतच नाही बगा." गोरमाटीतला 'छ' म्हणजे आपला 'आहे'. तांड्यावरचं तीन-चार वर्षांचं पोरसुद्धा वाक्याच्या शेवटी तो टाकतं.

मग अर्थ नसलेले शब्द म्हणून घेतले. आधी ताईंना म्हणून दाखवले, गोरमाटीत कशाचाही अर्थ निघत नाही ना, याची खात्री केली. 'टिमो' म्हणाला. 'कापुदी' म्हणाला. 'लोगाटिमे'चं 'लोटिमे' झालं. 'नाबिडोकारू'ला त्यानं सुरुवातच केली नाही, फक्त ओठ हलवले. नवा ध्वनीक्रम डोक्यात धरून ठेवणं भाषादोष असलेल्या मुलांना अवघड जातं आणि शब्द जितका लांब तितका तो निसटतो. मुलाला एखादी भाषा किती शिकायला मिळाली यावर ही चाचणी शब्दसंपत्तीच्या चाचणीइतकी अवलंबून नसते. म्हणून अशा वेळी तिचा फार उपयोग होतो.

त्यानंतर शिकवून बघितलं. 'आज काय येतं' यापेक्षा 'शिकवलं तर किती शिकतो' हे पाहायचं. तीन अनोळखी वस्तू, तीन नवी नावं, दहा मिनिटं खेळ. शेवटी नाव घेतलं की वस्तू तो बरोबर उचलायचा. पण वस्तू दाखवून नाव विचारलं तर एकही नाव तोंडून निघेना. मघाच्या मुलीनं हाच खेळ तिसऱ्या मिनिटाला संपवला होता.

आई सोयाबीनच्या शेतात होती. निरोप धाडल्यावर दोन वाजता आली, हाताला ओरखडे, पदराला कुसळं. मी ताईंमार्फत तिला विचारत गेले. पहिला शब्द कधी? दोन वर्षं होऊन गेल्यावर. दोन शब्द जोडून? चार वर्षांचा असताना. घरात आणखी कुणी उशिरा बोललं? त्याचा चुलता. शेवटी विचारलं, धाकटी बहीण कशी बोलते? ती लगेच म्हणाली, "धाकटी याच्यापेक्षा नीट सांगती. भांडण झालं की तीच याच्या वतीनं बोलती." एकाच घरात, त्याच भाषेत वाढलेल्या भावंडांशी आईनं केलेली तुलना ही फार मोलाची माहिती असते. छापील चाचणी नसलेल्या भाषेत तर त्याहून भरवशाचं दुसरं फारसं काही हाताशी नसतं.

तिनं आजवर बरंच केलं होतं. जिभेवर वेखंड उगाळून लावलं होतं. जीभ जड आहे, जिभेखालची शीर कापून आणा, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यासाठी पैसेही साठवले होते. मी मुलाला जीभ बाहेर काढायला लावली, वर टाळूला लावायला लावली. सगळं व्यवस्थित होतं. तिला म्हटलं, "ताई, काही कापायचं नाही. जीभ चांगली आहे, कान चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे. भाषा शिकायला याला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ आणि जास्त मदत लागते. अशी मुलं पुष्कळ असतात. तुमचं काही चुकलेलं नाही."

खरंच पुष्कळ असतात. इंग्लंडमधल्या सरे भागात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसरं कुठलंही कारण नसलेला भाषादोष सुमारे ७.५ टक्के मुलांत आढळला होता. तीसच्या वर्गात दोन मुलं धरा. आपल्याकडं ती 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसतात, किंवा या मुलासारखी 'येईल हळूहळू' म्हणून राहून जातात. मुलाच्या चुलत्यानं प्रमाणपत्राचं विचारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढलेल्या किंवा पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसाला समोर ठेवून केलेली. हा मुलगा तीत सहज बसत नाही. मला ही मोठी उणीव वाटते आणि जिथं संधी मिळेल तिथं मी ती बोलून दाखवते.

उपचार मात्र लगेच सुरू करायचे होते आणि वेळ नव्हता. घरानं ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. दिवाळी झाली की कोयता निघणार, थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत. मुलाला मागं ठेवायला घरात कुणी नव्हतं. मी दवाखान्यात बसून 'आठवड्यातून दोनदा या' म्हणण्यात काय अर्थ होता?

म्हणून त्या दुपारी शाळेच्या ओट्यावर आईला एकच गोष्ट शिकवली. तो अर्धं बोलला की त्याला 'नीट बोल' म्हणायचं नाही. त्याचंच बोलणं आपण पुरं करून त्याला परत द्यायचं आणि पुढं जायचं. तो 'बाटी' म्हणाला तर तव्याकडं बघत आपण सबंध वाक्य म्हणायचं, 'छ'वर जरासा जोर देऊन. दिवसातून पुष्कळदा, कामाच्या ओघात. भाकरी थापताना, मोळ्या बांधताना. भाषेचे उपचार शिकवलेले आईवडील मुलात खरी सुधारणा घडवतात, हे संशोधनातून दिसलेलं आहे. पण हे तिला सांगितलं नाही, करून दाखवलं. पहिल्या दोन-तीन वेळा ती त्याला 'म्हण, म्हण' करत राहिली. मग जमलं.

उठताना तिनं विचारलं, "मॅडम, मराठीत बोलू का याच्यासंगं? सर म्हणतेत मराठी बोला."

"नाही ताई. तुम्ही गोरमाटीतच बोला. जितकं बोलाल तितकं कमी. मराठी सर शिकवतील."

सर शेजारीच होते. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला पुढच्या बाकावर, बोलक्या जोडीदाराशेजारी बसवलं.

जानेवारीपर्यंत त्या आईचे आठ व्हॉइस मेसेज आले, सगळे रात्री नऊनंतरचे, फडावरच्या कोपीतून. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, चुलीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. मला गोरमाटी आता थोडी थोडी कळते, पण पुरती नाही. म्हणून प्रत्येक मेसेज मी मदतनीस ताईंना पुढं पाठवायचे. सात वेळा त्यांचं उत्तर आलं, "अजून नाही मॅडम." आठवा मेसेज चाळीस सेकंदांचा होता. आई भाकरीबद्दल काहीतरी म्हणत होती, मुलगा मध्येच बोलत होता, भराभर, कुणी न विचारता.

ताईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "पाच येळा पाहिजे हुता. दोन येळा 'छ' म्हणला."