कांद्याच्या कळीतलं अर्धसूत्री विभाजन: स्लाइड्सची नोंद, भाग २

मुळाच्या टोकाच्या स्लाइड्स आता नीट जमतात, पण तिथे साधं सूत्री विभाजनच (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी) दिसतं. अर्धसूत्री विभाजन, ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, पराग बनताना कळीत होतं. म्हणून या टप्प्यात कांद्याच्या गोंड्यातल्या कळ्या घेतल्या. कायझ्मा, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केल्याच्या खुणा, मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसायला हव्यात.

खरी मेख कळी निवडण्यात आहे. ३ ते ४ मिमीच्या आसपासच्या, घट्ट मिटलेल्या कळ्या घ्या. परागकोश हिरवट, अर्धपारदर्शक हवा. पिवळा दिसला तर उशीर झालाय, आत परागकणच मिळतील. कांद्यात आतले तीन परागकोश बाहेरच्या तिघांच्या आधी पिकतात. त्यामुळे एकात पेशींचे चारचारचे पुंजके दिसले, म्हणजे तिथलं विभाजन उरकलं असेल, तर त्याच कळीचा बाहेरचा परागकोश फोडून बघा.

कळ्या २४ तास ३ भाग इथेनॉल आणि १ भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवायच्या, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये. मिश्रण दर वेळी ताजं करा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

१ टक्का ॲसिटोकार्मिनच्या (गुणसूत्रं लाल रंगवणाऱ्या द्रावणाच्या) थेंबात परागकोशाचं टोक कापून लोखंडी सुईने आतला गर दाबून काढा. लोहामुळे रंग गडद होतो, पण सुई फार वेळ घोळवली तर पेशीद्रवही लाल होतो आणि सगळाच चिखल. भिंतीचे तुकडे वेचून टाका, नाहीतर कव्हरस्लिप उचललेली राहते. स्लाइड किंचित गरम करा, उकळू देऊ नका. टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा; कव्हरस्लिप बाजूला सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

मोजणीला मध्यावस्था-१ उत्तम, म्हणजे पहिल्या विभाजनात जोड्या पेशीच्या मध्यावर रांगेत येतात ती वेळ. कांद्यात २न (पेशीतली एकूण गुणसूत्रं) = १६, म्हणून ८ जोड्या. जोडीचं कडं दिसलं तर गुणसूत्राच्या दोन्ही भुजांवर किमान एकेक कायझ्मा, दांडी दिसली तर एकाच भुजेवर. जोडीत प्रत्येक गुणसूत्राचे दोन असे चार धागे असतात; एका कायझ्म्यात त्यांपैकी दोनच गुंततात, बाकीचे दोन जसेच्या तसे राहतात. पातीच्या कांद्याच्या जातीत (ॲलियम फिस्टुलोसम) कायझ्मे गुणसूत्रबिंदूजवळच (दोन भुजा जिथे जुळतात तिथे) गर्दी करतात. जोडी क्रॉससारखी दिसते आणि भुजेवरची बहुतेक जनुकं एकगठ्ठा जातात. दोन्ही स्लाइड्स शेजारी ठेवून बघाव्यातच.

जोड्या ध्रुवांकडे कशाही तोंड करून उभ्या राहतात, त्यातून २⁸ = २५६ प्रकारचे युग्मक (प्रजनन पेशी) शक्य होतात. एकाच झाडाच्या परागाने बी धरलं तरी २५६ × २५६ = ६५,५३६ जुळण्या, त्याही अदलाबदल न धरता. मात्र हे स्लाइडवर दिसत नाही: जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सारखीच दिसतात, आईकडचं कुठलं ते कळत नाही. ‘स्वतंत्र वाटप दिसलं’ असं कॅप्शन फोटोखाली टाकू नये.

उलटी बाजू मात्र दिसते, रिओ या शोभेच्या झाडात. तिथे जोड्यांऐवजी १२ गुणसूत्रांचं एकच कडं किंवा साखळी होते. एक आड एक गुणसूत्र एकेका ध्रुवाकडे गेलं तरच परागकण धड होतो, म्हणजे फेरवाटपाला वावच नाही. एक आड एक जाताना होणारी ही नागमोडी रांग मोडली की रिकामे, न रंगणारे कण मिळतात. पुढच्या फेरीत त्याच ॲसिटोकार्मिनमध्ये रिओचे भरलेले आणि रिकामे कण वेगळे मोजायचे आहेत. त्यासाठी उमलायला आलेल्या कळ्या लागतील, कोवळ्या नाहीत.