अमेरिकेतली राज्यं मोजताना

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या कोल्हापूरकरांना हमखास विचारतात, "किती राज्यं झाली?" मोजण्याआधी नियम ठरवा. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तरच राज्य धरायचं, हा आमच्या मते सर्वांत प्रामाणिक नियम. नुसतं विमान बदललं तर ते मोजू नये. आपण तरी निपाणीवरून गाडी पुढे गेली म्हणून कर्नाटक बघितलं म्हणतो का?

एकूण राज्यं ५०. वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको त्यात येत नाहीत. खरी गडबड विमानतळांवर होते. न्यूयॉर्कला जायला नेवार्क विमानतळावर उतरलात तर न्यू जर्सी, वॉशिंग्टनला जायला डलस (Dulles) विमानतळावर उतरलात तर व्हर्जिनिया. सिनसिनाटी शहर ओहायोत, पण त्याचा विमानतळ केंटकीत! कॅन्सस सिटी नावाची दोन शहरं शेजारी-शेजारी आहेत. मोठं मिसुरीत, धाकटं कॅन्ससमध्ये.

न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला मोटारीने जाताना न्यू जर्सी टर्नपाइक हा टोलचा महामार्ग धरला तर न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड लागतात. डेलावेअर तासाभराच्या आत संपतं, झोप लागली तर निसटतंच. तिथे चहाला तरी थांबा. फिलाडेल्फियामार्गे गेलात तर पेनसिल्व्हेनियाही जोडलं जातं.

पासपोर्टवरच्या शिक्क्यावरून राज्यांचा हिशेब लागत नाही, कारण राज्याच्या सीमेवर शिक्का मारतच नाहीत. मोबाइलमधल्या फोटोंचं लोकेशन चालू ठेवा आणि प्रत्येक राज्यात एक तरी फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती सहसा उरत नाही, म्हणून मूळ फोटो जपा.