जास्तीची नलिका

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिका कापली जाऊन आलेला रुग्ण असला की मी आधी पोट तपासतो आणि मग डिस्चार्ज कार्ड वाचतो. कार्डात बहुतेक वेळा काहीच नसतं. ‘दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. ऑपरेशन सुरळीत.’ खाली गोळ्या आणि टाके काढायची तारीख. समोर स्ट्रेचरवर पोट फुगलेली, ताप असलेली बाई, आणि ड्रेनच्या पिशवीत हिरवंगार पित्त. काही जणींना तर ड्रेनही नसतो, ‘गॅस झालाय’ म्हणून आठवडाभर ॲसिडिटीची इंजेक्शनं चालू असतात.

या वेळी कार्डाबरोबर सर्जन स्वतः आले होते. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. वय चाळिशीच्या आसपास. ॲम्ब्युलन्सच्या मागे स्वतःची गाडी घेऊन पुण्यापर्यंत आले आणि कॅज्युअल्टीच्या दारातच म्हणाले, “सर, माझ्याकडून सीबीडी कट झालाय असं वाटतंय. रेकॉर्डिंग आणलंय.” सीबीडी म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी मुख्य नलिका. खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यांनी माझ्या हातात दिला. बाईंचा नवरा आणि दीर बाजूलाच उभे होते. त्यांना काय झालंय हे निघण्याआधीच सांगितलेलं होतं. इतर डॉक्टर फोन करतात तेव्हा ‘पेशंटच कॉम्प्लिकेटेड होती’ इथून सुरुवात होते. स्वतःहून रेकॉर्डिंग घेऊन आलेले हे पहिलेच.

बाई पस्तिशीच्या, शिडशिडीत. घरी म्हशी आणि थोडा ऊस. आल्या आल्या आम्ही नलिका जोडायला घेतली नाही, आणि हेच नातेवाइकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. पोटात पित्त सांडून सुजलेलं असताना टाका घेतला तर तो धरत नाही. धरलाच तर पुढे आकसतो, मग तिसरं ऑपरेशन, चौथं, आणि शेवटी यकृतच खराब. त्यामुळे सोनोग्राफीवर बघून नळ्या घातल्या, साठलेलं पित्त बाहेर काढलं, अँटिबायोटिक्स दिली, एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, आणि रक्तवाहिन्यांचा सीटी केला. नशिबाने यकृताची उजवी धमनी शाबूत होती. ताप उतरल्यावर नळीसकट घरी पाठवलं, पोट निवळेपर्यंत, म्हणजे दोन-अडीच महिन्यांसाठी. दीर ग्रामपंचायतीत सदस्य. “एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आणून पिशवी लावून परत न्यायचं?” त्यांचा राग मला समजत होता.

यकृत दिवसाला साधारण ६०० ते १,००० मिलिलिटर पित्त तयार करतं. ते बाहेर वाहून गेलं की पाणी आणि मीठ जातं, अन्नातली चरबी पचत नाही, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून पिशवीत रोज किती आलं हे लिहून ठेवा असं मी सांगतो. बहुतेक जण तपासणीच्या आदल्या दिवशी अंदाजाने आकडे भरतात. या बाईंनी मात्र डेअरीच्या दूध-पुस्तिकेसारखी वही आखली होती. तारीख, सकाळ, संध्याकाळ. ‘फॅट’च्या रकान्यात रंग लिहिलेला: हिरवा, पिवळा, गढूळ. एका ओळीत ‘गढूळ, थंडी वाजली’ असं वाचून मी पित्त जंतूंच्या तपासणीला, कल्चरला, पाठवलं, तर खरोखरच इन्फेक्शन निघालं. आमच्या वॉर्डातले इनटेक-आउटपुट चार्ट इतके नीट असते तर मी सुखी झालो असतो.

रेकॉर्डिंग मी रात्री घरी बघितलं. पडद्यावरचं चित्र सपाट असतं आणि बोटांना काही कळत नाही. पित्ताशयाची मान रुग्णाच्या उजवीकडे, खालच्या बाजूला ओढून धरायची असते, म्हणजे पित्ताशयाची नलिका आणि मुख्य नलिका यांच्यातला कोन उघडतो. इथे असिस्टंटने ती वर, खांद्याकडे ओढली होती. कोन मिटला, दोन्ही नलिका एका रेषेत आल्या आणि मुख्य नलिकाच पित्ताशयात शिरतेय असं दिसू लागलं. बाई बारीक, त्यांची मुख्य नलिकाही बारीक, त्यामुळे क्लिप व्यवस्थित बसली. नलिका रुंद असती तर क्लिप पुरली नसती आणि कदाचित हात थांबला असता. क्लिप, क्लिप, कात्री. थोडं वर गेल्यावर आणखी एक नलिका दिसते. तिथे मी पॉज केलं. या माणसाच्या समजुतीप्रमाणे पित्ताशयाची नलिका केव्हाच कापलेली आहे, मग ही कोण? पण पुस्तकात ‘ॲक्सेसरी डक्ट’ असते, म्हणजे जास्तीची नलिका. डोळ्याने एकदा ठरवलं की पुढचं सगळं त्यात बसवलं जातं. तिलाही क्लिप लागली. ती यकृतातून खाली येणारी मुख्य नलिका होती. मधला तुकडा पित्ताशयाबरोबर बाहेर गेला.

अमेरिकेत लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अशा २५२ केसेसचा अभ्यास छापला. ९७ टक्के वेळा मूळ कारण डोळ्यांची फसगत होतं, हाताचं कौशल्य कमी पडणं नव्हे. ही फसगत टाळायचा नियमही स्ट्रासबर्ग या सर्जननी १९९५ मध्येच सांगून ठेवलाय: पित्ताशयाची नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवा, पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या की मग क्लिप लावा. या रेकॉर्डिंगमध्ये ते दृश्य एकदाही येत नाही.

१९९० मध्ये जे.जे.त डॉ. टेहमटन उडवाडियांनी दुर्बिणीने देशातलं पहिलं पित्ताशय काढलं. आज ते तालुक्याला निघतं, आणि ते चांगलंच आहे. पण पोट उघडून करायचो तेव्हा हजारी एक-दोन नलिका कापल्या जायच्या, दुर्बिणीने ते प्रमाण हजारी तीन ते पाचवर गेलं. शंका आल्यावर नलिकेत डाय टाकून एक्स-रे काढायला सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन, लागतो. तो हाडांच्या डॉक्टरांसाठी घेतात, पित्तासाठी कुणी आणत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी ते सर्जन पुन्हा आले. मी आत उभं राहायला सांगितलं. ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, आणि मोठं आतडं यकृताच्या खालच्या बाजूला चिकटून बसलेलं, ते सोडवण्यातच सकाळ गेली. मग क्लिपा सापडल्या. खालच्या तुटक्या टोकाला हात लावायचा नाही, त्याचा रक्तपुरवठा गेलेला असतो. वर जायचं. यकृताच्या चौथ्या सेगमेंटच्या मुळाशी आवरण कापलं की हायलर प्लेट, म्हणजे नलिकांवरचा जाड पापुद्रा, खाली येते आणि डावी नलिका आडवी दिसते. हेप आणि क्विनो यांनी १९५६ मध्ये दाखवलेली ही वाट मला अजूनही आमच्या सर्जरीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. बारीक सुईने पित्त येतंय याची खात्री केली आणि नलिका लांबीत उघडली, संगमापर्यंत. दोन सेंटिमीटरच्या वर तोंड मिळालं. तिला जोडायला लहान आतड्याचा लूप वर आणला. ५-० पीडीएसच्या बारीक दोऱ्याचे टाके, पुढची ओळ नलिकेत आधीच घालून ठेवायची, गाठी नंतर. प्रत्येक दोऱ्याला वेगळी मॉस्किटो, म्हणजे छोटा चिमटा, क्रमाने लावलेली. एक क्रम चुकला की सगळा गुंता. आमच्या सिस्टर या ऑपरेशनला कुणाला बोलू देत नाहीत, मलाही. शेवटी पांढरा गॉज ठेवून थांबलो. पिवळा डाग आला नाही.

बाहेर दिरांनी सर्जनच्या देखतच विचारलं, “चूक यांची ना?” मी म्हटलं, “हो. मुख्य नलिका त्यांना पित्ताशयाची वाटली आणि त्यांनी ती कापली. पण वेळेवर सांगितलं आणि वेळेवर आणलं, म्हणून आज नीट जोडता आली.” पहिलं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं. दुसरं आलं की नाही, शंका आहे.

बाई बऱ्या आहेत. जोड पुढच्या काही वर्षांतही आकसू शकतो, म्हणून अल्कलाइन फॉस्फेटेज ही रक्ततपासणी करत राहायचं. त्याची नोंदही त्यांच्या वहीत असते.

ग्राहक आयोगात तक्रार गेली आहे. मुख्य पुरावा तो पेन ड्राइव्ह. कोरं कार्ड देऊन रुग्ण पाठवणाऱ्यांविरुद्ध असं काहीच हाती लागत नाही. हे रेकॉर्डिंग मी प्रत्येक रेसिडेंटला दाखवलं असतं, पण आता ते कुणाला दाखवता येत नाही. बाईंचा राग नाही, पण कर्ज आहे, म्हशी विकाव्या लागल्या, आणि भरपाई मागणं गैर आहे असं मी म्हणू शकत नाही. ते सर्जन आता पित्ताशयाच्या केसेस घेत नाहीत. त्या भागातले रुग्ण कुठे जातात, माहीत नाही.

माझ्याकडून लेखी मत मागितलंय. क्लिप लावण्याआधी स्ट्रासबर्ग यांनी सांगितलेलं ते दृश्य दिसत नव्हतं, हे त्यात आहे. रेकॉर्डिंग त्यांनी न मागता आणून दिलं, हेही मी लिहिलंय. दोन्हीकडच्या वकिलांनी ते वाक्य काढा म्हणून सांगितलं. मी काढलेलं नाही.