आलूला अंधार लागतो

परवा दुपारी लाइट गेली. मे महिना, नागपूर, कूलर बंद, म्हणजे झोपेचा विषयच संपला. चारला बाहेर जायचं होतं म्हणून खिशात टाकायला कांदा शोधत होतो. (हो, मी अजूनही उन्हात निघताना खिशात कांदा टाकतो. पोरगा हसतो. हसू दे, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पंचेचाळीसच्या वर पारा गेला की मला डॉक्टरपेक्षा कांद्याचा आधार वाटतो, त्यामागे काही सायन्स असेल नसेल.) तर सगळ्यात खालची ट्रॉली ओढली आणि दचकलोच. आलूंना हे लांब लांब कोंब फुटलेले, आणि एका आलूचा कोंब तर जाळीच्या भोकातून वाकून शेजारच्या कांद्यांमधे शिरलेला, चोरून पेपर बघणाऱ्या पोरासारखा.

बायको म्हणाली, "फेकून दे ते बटाटे."

माझ्याने फेकवत नाही. कोंब मोडून, डोळे सुरीच्या टोकानं कोरून, सुरकुतलेला का होईना पण मी तो वापरतो. हिरवा पडला असेल तर मात्र नाही. आलूला उजेड लागला की वरून हिरवा होतो, तो हिरवा रंग पानातलाच असतो, त्यानं काही होत नाही, पण त्याच्या सोबतीनं सोलॅनिन नावाचं एक कडू विषारी प्रकरण वाढतं, शिजवून पण जात नाही ते. जिभेला चरचर लागली की समजायचं.

आणि ती बटाटे म्हणते, मी आलू. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी हे मिटलेलं नाही. ती पुण्याची. नवीन लग्न झालं तेव्हा मी सकाळी ऑफिसला जाताना म्हटलं, संध्याकाळी आलूची भाजी कर मस्त, तर आल्यावर ताटात चिंचगूळ घातलेली, दाणे घातलेली हिरवी पातळ भाजी. अळूची! बिचारी गोकुळपेठ मार्केटभर अळू अळू करत हिंडली होती आणि भाजीवाल्या बायांना कळेना, कारण आमच्याकडे त्या पानांना धोपा म्हणतात. शेवटी बोट दाखवून आणली म्हणे. मी गपगुमान खाल्ली. चांगली झाली होती, हे तेव्हा सांगायचं राहिलं.

बरं, बटाटा हा शब्द तरी कुठं त्यांचा, पोर्तुगीजांचा आहे तो. आणि मुळात बटाटा म्हणजे आलू नव्हेच, ते नाव आधी रताळ्याचं. अमेरिकेकडच्या कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द, तो आलूला चिकटला. रताळं बिचारं एकादशीला आणि महाशिवरात्रीला तेवढं आठवतं लोकांना. आणखी एक, रताळं मूळ असतं पण आलू मूळ नाही, खोड आहे, म्हणून तर त्याला डोळे असतात. हे मी दरवेळी सांगतो आणि घरातले उठून जातात.

तर कोंब. ते पाहून मला एकदम नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची अंधारी आठवली. अंधारी म्हणजे जिन्याखालची खोली. दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, खिडकी नाही, दाराला कडी वरच्या बाजूला. फेब्रुवारी-मार्चमधे नवा आलू स्वस्त झाला की बाबा कॉटन मार्केटमधून पोतंभर आणायचे, सायकल रिक्षात टाकून. आजी तो लगेच आत ठेवू द्यायची नाही. व्हरांड्यात सावलीत बारदान्यावर आठ-दहा दिवस पसरून ठेवायची, साल पक्की होऊ दे म्हणून. नव्या आलूची साल अंगठ्यानं घासली तरी निघते ना, ती निघेनाशी झाली की मग आत. धुवायचा नाही, माती लागलेलीच राहू द्यायची. कुदळ लागलेले, चिरलेले वेगळे काढून आधी संपवायचे, मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आलूच. अंधारीत कन्हान नदीची रेती पसरलेली असायची, त्यावर एकाला एक न चिकटता रांगा. कांदे तिथं नाहीत, कांदे बाहेर हवेवर बांबूच्या डाल्यात. दोघं एका जागी ठेवले की दोघं नासतात असं आजी म्हणायची, आणि मग माझ्या दोन काकांकडे बघायची.

आलू आणायचं काम माझ्याकडे. का, तर मी सगळ्यात लहान, आणि जिन्याखाली वाकावं लागत नाही.

लाइट लावायची नाही. आत बल्ब होता, बटण बाहेर होतं, पण आजीची ऑर्डर. "लाइट नोको लाऊ बापा, आलूले उजेड लागते!" म्हणजे मी अंधारात हात पुढं करून चाचपडत जायचं, पायाला गार रेती, नाकात तो ओला मातकट वास, आणि मागून दार आपोआप लोटलं जायचं कारण ते घरच जरा कललेलं होतं. पहिला आलू हाताला लागला की जीवात जीव. पण जूनच्या सुमारास कोंब फुटायला लागायचे आणि मग हाताला आलूच्या आधी कोंब लागायचे. थंड, ओलसर, बोटांसारखे. आणि एखादा नासलेला असला तर बोट थेट आत. तो वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, उंदीर मेलेला परवडला. मी कितीतरी वेळा किंचाळत बाहेर आलोय, आणि दर वेळी आजी आधी विचारायची, "कोणता सडला रे, कोणत्या लाइनीतला?" म्हणजे पोट्टं भ्यालं याचं काहीच नाही.

ती स्वतः दर शनिवारी आत जाऊन बसायची. मोतीबिंदू होता तिला, तसंही फार दिसायचं नाही, तर उजेडाचं तिला काय. एकेक आलू उचलून, नाकाशी नेऊन, कोंब अंगठ्यानं मोडून परत ठेवायची. नासका बरोबर सापडायचा. मृग लागेपर्यंत पुरवायची पोतं.

आता आमच्या फ्लॅटमधे अंधार ठेवायला जागाच नाही. खरंच बघा, कुठंच नाही. हॉलला दोन्हीकडून काच, किचनमधे ट्रॉलीच्या आतसुद्धा जाळीतून उजेड, बाथरूममधे रात्रभर एक छोटा दिवा, आणि जिन्याखाली म्हणाल तर तिथं सोसायटीचे मीटर. फ्रीजमधे अंधार असतो पण आलू फ्रीजमधे गोडा होतो, थंडीनं त्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि तळला की काळा पडतो. गाजर-मुळ्याचं तसं नाही, पाला कापून ओल्या फडक्यात ठेवले की फ्रीजमधे खुशाल राहतात. पाला ठेवला तर तो वरून पाणी ओढतो आणि खाली गाजर रबर. आलं मी सरळ कुंडीत खुपसून ठेवतो, लागेल तसं उकरायचं. वर्ध्याकडच्या एका मित्रानं वायगावच्या हळदीचं एक बोटभर कांडं दिलं होतं, तेही तिथंच शेजारी लावलं, आता कोवळं असेपर्यंत कोणतं पान कोणाचं ते चुरगळून वास घेतल्याशिवाय कळत नाही.

आलू पण लावून पाहिला ना. पहिल्यांदा मार्चमधे, असेच कोंब आले म्हणून, रंगाच्या रिकाम्या बादलीत. एप्रिलमधे पापड झाला त्याचा. मग कळलं की त्याला खाली आलू धरायला रात्र गार लागते, वीसच्या खाली. नागपूरच्या एप्रिलमधे वीस! तर पुढच्या वेळी दिवाळीनंतर लावला, दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करून, कापलेल्या बाजूला राख चोळून, झाड वर आलं की माती वर चढवत, कारण आलू उघडा पडला की हिरवा. जांभळट पांढरी फुलं आली, वांग्याच्या फुलांची सख्खी चुलत बहीण. फेब्रुवारीत पानं पिवळी पडली तेव्हा बादली उलटी केली. सात आलू. सगळ्यात मोठा लिंबाएवढा, बाकीचे संक्रांतीच्या बोरांएवढे. जिरं-मीठ घालून केले, प्रत्येकाला दीड आला. बायको म्हणाली, बटाटे छान आहेत.

महालातलं घर पाडलं तेव्हा मी गेलो होतो. जिना आधीच उतरवला होता आणि अंधारीची बाहेरची भिंत पाडून झाली होती. आत ऊन आलेलं. एवढीशी जागा होती हो ती, चार बाय सहा असेल, मला वाटायचं आत कुठवर तरी जाते. रेती तशीच होती, थोडी कोपऱ्यात सरकलेली. मिस्त्रीनं विचारलं, साहेब ही घेऊ का, चांगली आहे. मी म्हटलं घ्या. त्यानं तिथंच सिमेंटमधे कालवली.

आता तिथं चार मजले आहेत. खाली मोबाइलचं दुकान, रात्री अकरापर्यंत नुसता लखलखाट.