केआलोहा: एका आडनावामागे हिलोपर्यंत

हवाईतल्या होनोलुलूचं कावायाहाओ चर्च पाहायला गेले ते त्याच्या भिंतींसाठी. समुद्रातल्या प्रवाळाचे १४ हजार चिरे, माणसांनी पाण्यात बुड्या मारून तोडलेले आणि किनाऱ्यावर ओढून आणलेले. त्यातून १८४२ साली हे चर्च उभं राहिलं. मी कोकणात जांभ्याच्या घरात वाढले, त्यामुळे दगडी भिंत दिसली की हात लावून पाहते. प्रवाळाची खरखर बोटांना लागली. मग बाजूच्या कबरस्तानात शिरले आणि पुढचे चार दिवस त्या कबरस्तानानेच ठरवले.

शिळांवरची नावं वाचत चालले होते. काहाले, कानाहेले, कापुले, केओला, केआलोहा. 'क' काही संपेना. बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. इथे मोठ्या माणसांना सगळेच 'अंकल' आणि 'आन्टी' म्हणतात, नातं असो वा नसो. मीही अंकल म्हणून हाक मारली आणि विचारलं. ते म्हणाले, 'का' आणि 'के' सोडून वाच. ही दोन अक्षरं म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखी. क, ए, आ, ओ यांनी शब्द सुरू झाला तर बहुधा 'के', एरवी 'का'. मग नावं उलगडायला लागली. हाले म्हणजे घर, नाहेले म्हणजे रान, पुले म्हणजे प्रार्थना, ओला म्हणजे आयुष्य. राजा कामेहामेहा म्हणजे 'तो एकटा'. सिनेमातला केआनू रीव्ह्ज आपल्या ओळखीचा, त्याच्या नावातही 'के' आणि 'आनू' आहेत. आनू म्हणजे गारवा.

आणि केआलोहा म्हणजे 'ते प्रेम', 'ती माया'.

विमानतळापासून टी-शर्टापर्यंत जिथे तिथे छापलेला 'आलोहा' हा शब्द त्या शिळेवर मला पहिल्यांदा नीट दिसला. भेटताना, निघताना, माया करताना, कळवळताना, सगळीकडे तोच. 'आलो' म्हणजे समोर असणं आणि 'हा' म्हणजे श्वास, अशी त्याची फोड पर्यटकांना सांगतात. ऐकायला गोड आहे, पण मला पटली नाही. श्वासाचा 'हा' दीर्घ आहे, आलोहातला ऱ्हस्व. शिवाय न्यूझीलंडच्या माओरींकडे हाच शब्द 'आरोहा' आहे, सामोआत 'आलोफा', टोंगात 'ओफा'. होड्यांतून बेटामागून बेट ओलांडत आलेल्या लोकांनी तो बरोबर आणला. या प्रवासाची गोष्टच मला त्या फोडीपेक्षा मोठी वाटते.

पण प्रेमाचं आडनाव कसं झालं? पूर्वी हवाईत आडनावं नव्हतीच. माणसाला एक नाव असायचं आणि ते फक्त त्याचं. घराण्यातल्या कुणाला स्वप्नात मिळालेलं नाव म्हणजे 'इनोआ पो', रात्रीचं नाव. ते नाकारलं तर बाळ आजारी पडतं अशी श्रद्धा होती. काही नावं एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून ठेवत. राणी लिलिउओकालानीचा जन्म १८३८चा. त्या वेळी तिच्या नात्यातल्या एका मोठ्या सरदारणीचे डोळे आले होते, म्हणून बाळाच्या नावांत 'कामाकाएहा' आलं, म्हणजे दुखरा डोळा! आणि 'इनोआ कूआमुआमु' तर ऐकताच ओळखीचं वाटलं. मूल दुखणाईत असलं की त्याला मुद्दाम घाणेरडं, टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे वाईट शक्ती त्याच्याकडे वळत नाहीत. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू म्हणायचे, अगदी तसंच.

हे सगळं २४ ऑगस्ट १८६० रोजी बदललं. चौथ्या कामेहामेहाने नावांचा कायदा केला. लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचं नाव लावायचं, औरस मुलांनी बापाचं नाव आडनाव म्हणून घ्यायचं आणि प्रत्येकाला मुलगा की मुलगी हे कळेल असं ख्रिस्ती नाव हवं. त्यामुळे बापाचं एकट्याचं नाव मुलाबाळांवर कायमचं बसलं. सख्ख्या भावांची नावं वेगवेगळी, म्हणून त्यांच्या वंशजांची आडनावंही वेगळी. उलट, दोन केआलोहा कुटुंबांचं एकमेकांशी काहीच नातं नसू शकतं. आडनाव इतकं पसरलं ते एका मूळपुरुषामुळे नव्हे. अनेक घरांत अनेक बाळांना हेच नाव ठेवलं गेलं होतं, म्हणून ते पसरलं.

त्या कायद्याचं पहिलं कलम वाचलं तेव्हा आई आठवली. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि एकवीस वर्षांची तिची हाक एका दुपारी पुसली गेली. आपल्याकडे ती रीत होती, इथे कायदा होता. नवऱ्याचं नाव घेण्याची सक्ती १९७५मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. ख्रिस्ती नावाची अट १९६७मध्ये गेली. तोवर मुलांची हवाईयन नावं मधल्या जागेत सरकली होती आणि ती सवय अजून आहे.

तिसऱ्या दिवशी विमानाने तासाभरात दुसऱ्या बेटावरच्या हिलो शहरात पोचले. हिलोत सतत पाऊस. आंब्या-फणसाचे वास, गंजके पत्रे, शेवाळलेल्या भिंती. आमच्या गावच्या श्रावणाशी त्याचं फार जमतं. ज्यांच्या घरी उतरले त्या आन्टींचं आडनाव केआलोहा, हे मला तिथे पोचल्यावरच कळलं.

रात्री पोहे-चिवड्याचं पाकीट आणि त्यांनी केलेला पोई, म्हणजे शिजवून कुटलेल्या अळकुडीची खळ, मध्ये ठेवून आम्ही बसलो. त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरातलं हे नाव ज्याचं होतं, त्याच्या आधीची दोन भावंडं १८४८च्या गोवराच्या साथीत गेली. तो काळच तसा होता. बाहेरून आलेल्या रोगांनी गावं रिकामी केली होती; १८५३च्या जनगणनेत सगळ्या बेटांवर मिळून जेमतेम ७३ हजार माणसं उरली होती. तिसरं मूल झालं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, याला घाणेरडं नाव ठेव, तर वाचेल. बाळाच्या आजीने ऐकलं नाही. तिने त्याला केआलोहा म्हटलं, चारचौघांत, मोठ्याने. पोर जगलं आणि पुढे कायद्याने त्याचं नाव सगळ्या घराचं झालं.

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. दोन मुलं पुरल्यावर तिसऱ्याला उघडपणे 'माया' म्हणायचं, याला केवढी छाती लागली असेल.

सकाळी आन्टी मला त्यांच्या आवडत्या किनाऱ्यावर घेऊन गेल्या. कालानियानाओले रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलंय जेम्स केआलोहा पार्क. १९५९मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, तेव्हा निवडून आलेले हे पहिले लेफ्टनंट गव्हर्नर. पण हिलोत पार्क म्हटलं तर कुणी ओळखत नाही. टपाल कचेरीपासून चार मैल, म्हणून सगळे 'फोर माइल'च म्हणतात. काळ्या लाव्ह्याच्या खडकांत निळंशार पाणी, आणि मध्येच गोड्या पाण्याचे गार झरे फुटतात. तिथे पाय पडला की अंगावर काटा येतो. कासव अगदी हाताच्या अंतरावर येऊन श्वास घेऊन गेलं.

आन्टींची नातवंडं पाण्यात होती. जेवायची वेळ झाली तसं त्यांनी खडकावर उभं राहून एकेकाला हाक मारली. आडनावाने नाही, इंग्रजी नावानेही नाही, मधल्या लांबलचक हवाईयन नावांनी. सगळ्यात धाकटी नात तीन महिन्यांची, टोपलीत झोपलेली. तिचं नाव विचारलं. जन्माच्या दाखल्यावर इंग्रजी नाव आणि केआलोहा लागलंय, मधली जागा रिकामी आहे. घरात सध्या तिला नुसतं 'बेबी' म्हणतात. आन्टींना अजून स्वप्न पडायचं आहे.