आधी विहिरी, मग क्रेन

समुद्रातला तेल-वायूचा जुना प्लॅटफॉर्म काढून उचलायचा म्हटलं की सगळे क्रेनचं भाडं विचारतात. अंदाजपत्रक फुगतं ते मात्र विहिरींनी. ब्रिटनच्या नॉर्थ सीमध्ये जवळजवळ निम्मा खर्च विहिरी कायमच्या बुजवण्यातच जातो. रिगचं, म्हणजे विहिरीवर काम करणाऱ्या यंत्रणेचं, भाडं रोजावर असतं आणि विहीर किती रोज खाईल, हे आत उतरल्याशिवाय कळत नाही.

कागदावर काम सरळ आहे. जड ब्राइन (खारं पाणी) भरून दाब मारायचा, ट्यूबिंग (वायू वर आणणारी आतली नळी) कापून काढायचं, सिमेंट किती घट्ट धरलंय हे दाखवणारा सिमेंट बाँड लॉग घ्यायचा, वायूच्या थराच्या वर सिमेंटचा प्लग बसवायचा आणि तो वजन टाकून, दाब देऊन तपासायचा. घोळ होतो केसिंगच्या, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तराच्या, बाहेर. तिथलं जुनं सिमेंट धड धरलेलं नसतं. ॲन्युलसमधला (नळ्यांमधल्या पोकळीतला) दाब सोडला तरी दोन दिवसांत पुन्हा चढतो. मग केसिंगचा तेवढा भाग मिलिंगने खरवडून काढावा लागतो, लोखंडाचा कीस वर येताना अडकतो, आणि 10 दिवसांचं काम 25 वर जातं. म्हणून रिग ठरवण्याआधीच प्रत्येक ॲन्युलसचा दाब नोंदवा, ख्रिसमस ट्रीचे (विहिरीच्या तोंडावरच्या जोडणीचे) व्हॉल्व्ह फिरतात का बघा, वायरलाइन (अवजारं आत सोडायची तार) तळापर्यंत उतरते का तपासा. ही स्वस्त तपासणी वाचवणं म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

मुंबईच्या वायव्येला, तापी वायुक्षेत्रात, भारतातलं समुद्रातले प्लॅटफॉर्म काढण्याचं पहिलं काम झालं. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर जड उचल जवळपास अशक्यच. मे महिन्यात जॅकेटचे (प्लॅटफॉर्मखालच्या पोलादी सांगाड्याचे) पाय कापायचे राहिले तर थेट ऑक्टोबर उजाडतो. तोवर दिवे, भोंगा, गंज आणि पाहणीचा खर्च चालूच. उलट, घाईने आधी प्लॅटफॉर्मची वीज आणि क्रेन काढून टाकली, तर विहिरींसाठी तीच सोय भाड्याने आणावी लागते.

पैशाची तजवीज उत्पादन चालू असतानाच करायची असते. त्यासाठी आपल्याकडे 1999 ची साइट रिस्टोरेशन फंड (जागा पूर्ववत करण्याचा निधी) योजना आली. त्या ठेवीवर आयकर कायदा 1961 च्या कलम 33एबीएखाली नफ्याच्या 20 टक्क्यांपर्यंत वजावट धरली होती.

शेवटी क्रेनकडे येऊ. जॅकेटचं वजन मूळ ड्रॉइंगवरून धरू नका. शिंपले, कालवं आणि पाइल्समधलं (तळात ठोकलेल्या पोलादी खांबांमधलं) ग्राउट, म्हणजे सिमेंटचा भराव, मिळून ते बरंच वाढलेलं असतं. पाइल्स समुद्रतळाच्या खाली कापायच्या असतात. आतली माती आधी उपसली नाही तर कटर खोलीवर पोचतच नाही. आणि काप पूर्ण झाला की नाही, हे क्रेनची बार्ज येण्याआधी तपासा.